मुलं किती गोड पेयं पितात, हे मोजायचं कसं?

'अमुक देशातली मुलं दिवसाला सरासरी एक ग्लास गोड पेय पितात' अशी बातमी आपण वाचतो, हळहळतो आणि पुढे जातो. तो एक ग्लास कुणी आणि कसा मोजला, हा प्रश्न सहसा मनात येत नाही. लाखो मुलांच्या मागे कुणी मोजपात्र घेऊन फिरलेलं नसतं. कुणीतरी कुणाला तरी काहीतरी विचारलेलं असतं, त्या उत्तराचे कुणीतरी मिलिलिटर केलेले असतात आणि मग त्यावर गणित झालेलं असतं. या प्रत्येक टप्प्यावर आकडा थोडा थोडा सरकतो. कधी कधी तर इतका सरकतो की एकाच गावातल्या मुलांबद्दल दोन पाहण्या दोन वेगळ्या गोष्टी सांगतात, आणि दोन्ही प्रामाणिकपणे केलेल्या असतात.

हा विषय आकडेतज्ज्ञांवर सोडून देण्यासारखा नाही. गोड पेयांवर कर लावायचा का, शाळेच्या आवारात ती विकू द्यायची का, दात किडण्यात आणि वजन वाढण्यात त्यांचा वाटा किती, हे सगळं या मोजणीवर ठरतं. मोजणी कच्ची राहिली तर त्याची किंमत मुलं मोजतात. त्यामुळे असा आकडा समोर आला की तो कशाचा आहे, कुणी सांगितलेला आहे आणि किती दिवसांचा आहे, हे विचारायची सवय प्रत्येक पालकाला आणि शिक्षकाला हवी, असं मला मनापासून वाटतं.

आधी चुकीला वाव किती कमी आहे ते बघू. नेहमीच्या कोलात १०० मिलीमागे साधारण साडेदहा ग्रॅम साखर असते, म्हणजे ३३० मिलीच्या एका कॅनमध्ये सुमारे ३५ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार वरून घातलेल्या आणि तत्सम मोकळ्या साखरेतून मिळणारी ऊर्जा दिवसभराच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी, आणि जमल्यास ५ टक्क्यांच्या आत. दिवसाला १५०० किलोकॅलरी लागणाऱ्या मुलाचा हिशोब केला तर १० टक्के म्हणजे जेमतेम ३७ ग्रॅम साखर. एकाच कॅनमध्ये जवळजवळ सगळी मर्यादा संपली. अशा स्थितीत मोजणीत अर्ध्या कॅनची चूक झाली, तर 'ठीक आहे' आणि 'फार होतंय' यांतला फरकच पुसला जातो.

गोड पेय कशाला म्हणायचं?

पहिली अडचण मोजायला सुरुवात करण्याआधीच येते. कोला गोड पेयात येतो, याबद्दल वाद नाही. पण शंभर टक्के फळांचा रस? त्यात कुणी साखर घातलेली नसते, म्हणून बहुतेक पाहण्या 'साखर घातलेली पेयं' मोजताना तो सोडून देतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत मात्र रसातली साखर मोकळ्या साखरेतच धरली जाते, कारण फळ पिळलं की ती पेशींच्या बंदिस्त जागेतून बाहेर आलेली असते. चॉकलेटच्या स्वादाच्या दुधात साखर घातलेली असते, पण प्रथिनं आणि कॅल्शियमही असतात, म्हणून अनेक अभ्यासक ते वेगळं ठेवतात. घरी चहा-कॉफीत ढवळलेली साखर तर पुष्कळ प्रश्नावल्यांमधून निसटूनच जाते. पावडर पाण्यात कालवून केलेलं पेय, खेळाडूंसाठी म्हणून विकलं जाणारं पेय, एनर्जी ड्रिंक, घरचं लिंबूपाणी, हे सगळं कुठे घालायचं ते आधी ठरवावं लागतं. 'डाएट' पेयांत साखर नसते, पण दहा वर्षांच्या मुलाला आपण नेमकं कोणतं प्यायलो हे ठाऊक असेलच असं नाही.

व्याख्येने किती फरक पडतो, ते एका मोठ्या अभ्यासावरून कळेल. २०२४ मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात १८५ देशांतल्या ३ ते १९ वर्षांच्या मुलामुलींचा अंदाज प्रसिद्ध झाला. २०१८ साली जगभरात सरासरी आठवड्याला ३.६ ग्लास (एक ग्लास सुमारे २४८ ग्रॅमचा) गोड पेय प्यायलं जात होतं. दक्षिण आशियात १.३ आणि लॅटिन अमेरिका व कॅरिबियन भागात ९.१. हे अंतर प्रचंड आहे. पण या अभ्यासात शंभर टक्के रस आणि गोड दूध धरलेलं नव्हतं, आणि एका ठरावीक मापात किमान ५० किलोकॅलरी असलेलीच पेयं मोजली होती. त्यामुळे दक्षिण आशियाचा आकडा लहान दिसतो म्हणून तिथल्या मुलांच्या पोटात पेयांतून साखर कमी जाते, असा अर्थ त्यातून काढता येत नाही. व्याख्येबाहेरची गोड पेयं तिथे किती प्यायली जातात, हा प्रश्न त्या आकड्याला विचारलेलाच नव्हता.

दोन आकड्यांची तुलना करण्याआधी दोघांच्या व्याख्या शेजारी ठेवून बघायच्या. हे काम कंटाळवाणं आहे, पण त्याला पर्याय नाही.

काल काय प्यायलास?

आहार मोजण्याची सगळ्यांत जास्त वापरली जाणारी पद्धत म्हणजे मागच्या चोवीस तासांची उजळणी. प्रशिक्षित माणूस समोर बसतो, किंवा फोनवर बोलतो, आणि कालच्या दिवसात काय काय पोटात गेलं ते विचारतो. ऐकायला सोपं आहे, पण 'काल किती कोल्ड्रिंक प्यायलास?' असा थेट प्रश्न टाकला तर उत्तर निरुपयोगी येतं. म्हणून अमेरिकेच्या कृषी खात्याने या मुलाखतीची पाच टप्प्यांची रीत बसवली आणि तिथल्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत ती वापरली जाते. ती कशी चालते, ते एक प्रसंग कल्पून बघू.

समजा, नऊ वर्षांचा मुलगा आहे, शेजारी आई बसली आहे. मुलाखत घेणारी ताई म्हणते, "काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय काय खाल्लंस, काय काय प्यायलास, आठवेल तसं सांग." मुलगा नाश्ता, दूध, शाळेतला डबा, संध्याकाळचं खाणं, रात्रीचं जेवण सांगतो. ताई मध्ये बोलत नाही, फक्त लिहून घेते. या यादीत गोड पेय एकही नाही.

दुसऱ्या टप्प्यात सहसा विसरल्या जाणाऱ्या गोष्टींची आठवण करून दिली जाते, आणि त्यात पेयं आवर्जून असतात, कारण ती जेवण म्हणून लक्षात राहत नाहीत. "पाणी सोडून आणखी काही प्यायलास का? ज्यूस, कोल्ड्रिंक, चहा?" मुलगा म्हणतो, "हो, मित्राच्या वाढदिवसाला कोल्ड्रिंक होतं." आई चमकून त्याच्याकडे बघते. तिला हे माहीत नव्हतं. ताई चेहऱ्यावर काही दिसू देत नाही, कारण मुलाला आपलं काही चुकलं असं वाटलं तर पुढचं तो सांगणारच नाही.

तिसरा टप्पा वेळेचा आणि जागेचा. "वाढदिवसाला किती वाजता गेलास? त्याआधी कुठे होतास?" "मैदानावर." "तिथे काही घेतलंस?" "दादाने बाटली आणली होती, आम्ही तिघांनी प्यायली." काल संध्याकाळचा क्रम डोळ्यांसमोर आला, तसं आणखी एक पेय वर आलं.

चौथा टप्पा तपशिलाचा. कोणतं पेय, साखरेचं की बिनसाखरेचं, ग्लास केवढा, बर्फ होता का, सगळं संपवलंस का? इथे मोजायचे ग्लास, चित्रं, वेगवेगळ्या मापांच्या बाटल्या समोर ठेवतात. वाढदिवसाचा ग्लास २०० मिलीचा, पण चौथा हिस्सा बर्फ आणि तळाशी थोडं उरलेलं, म्हणजे साधारण १३० मिली. मैदानावरची बाटली अर्ध्या लिटरची, तिघांत वाटलेली, म्हणजे सुमारे १६५. शेवटच्या टप्प्यात 'अजून काही राहिलं का' असं एकदा विचारून मुलाखत संपते.

पहिल्या टप्प्यानंतर या मुलाच्या नावावर शून्य मिली होतं. शेवटी २९५ मिली झालं, साधारण ३१ ग्रॅम साखर. मूल खोटं बोललं नव्हतं. त्याला नीट विचारायला थोडा वेळ लागला, इतकंच. स्वस्तातल्या पाहण्यांत नेमका हाच वेळ वाचवला जातो, आणि मला त्याची खंत वाटते.

मुलाच्या आठवणीवर किती विसंबायचं?

वयाचा इथे फार मोठा वाटा आहे. साधारण आठ वर्षांपर्यंत मुलांची वेळेची जाण कच्ची असते, काल आणि परवा एकमेकांत मिसळतात. अमेरिकेच्या पाहणीत म्हणूनच सहा वर्षांखालच्या मुलांबद्दल मोठी माणसं सांगतात, सहा ते अकरा वर्षांची मुलं मोठ्यांच्या मदतीने सांगतात आणि बारा वर्षांपासून पुढे मुलं स्वतःच उत्तरं देतात. यातही गोम आहे. आईवडिलांना घरातलं नीट ठाऊक असतं, बाहेरचं नाही. गोड पेयं तर पुष्कळदा घराबाहेरच प्यायली जातात.

संशोधकांनी शाळेच्या जेवणाच्या वेळी बाजूला बसून मुलं काय घेतात ते टिपलं आणि नंतर त्याच मुलांना विचारलं, असे अभ्यास झाले आहेत. त्यात दोन प्रकारच्या चुका दिसल्या. काही गोष्टी खाल्ल्या होत्या पण सांगितल्या नाहीत, आणि काही सांगितल्या पण खाल्ल्याच नव्हत्या. दुसऱ्या प्रकाराचं आपल्याला नवल वाटतं, पण रोज जे खाल्लं जातं ते कालही खाल्लं असेल असं मन भरून काढतं. खाणं आणि मुलाखत यांत जितका कमी वेळ, तितक्या चुका कमी, हेही या अभ्यासांतून कळलं.

किशोरवयात वेगळाच प्रश्न उभा राहतो. आठवण चांगली असते, पण काय सांगावं याचं भान आलेलं असतं. शाळेत कोल्ड्रिंकच्या तोट्यांवर एक तास झाला की पुढच्या पाहणीत आकडा उतरतो. पिणं कमी झालं, की ते कबूल करणं कमी झालं, हे त्या आकड्यावरून समजत नाही. शाळांमधल्या जनजागृतीच्या कार्यक्रमांचं यश मोजताना ही शंका कायम मनात ठेवायला हवी.

माणसं आहार कमी सांगतात, हे पकडण्याची एक सुंदर रीत आहे. हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांची जड, पण किरणोत्सर्ग नसलेली रूपं असलेलं पाणी प्यायला देतात आणि पुढचे काही दिवस लघवी तपासतात. ती दोन मूलद्रव्यं शरीराबाहेर किती वेगाने पडतात त्यातील फरकावरून शरीराने किती ऊर्जा खर्च केली ते काढता येतं. वजन स्थिर असेल तर खर्च झाली तेवढीच ऊर्जा पोटात गेली असली पाहिजे. सांगितलेला आहार त्याहून बराच कमी निघाला, तर काहीतरी गाळलं गेलं आहे. मुलांमध्ये वय वाढतं तसं आणि वजन जास्त असेल तर हे गाळणं वाढतं, असं या तपासण्यांतून दिसलं आहे.

याचा परिणाम गंभीर आहे. ज्या मुलांचं वजन जास्त, तीच मुलं आपलं पिणं कमी सांगणार असतील, तर गोड पेयं आणि वजन यांचा संबंध कागदावर फिका दिसेल, प्रसंगी उलटाही दिसेल. मग कुणीतरी तो अभ्यास पुढे करून म्हणेल की पेयांचा काही दोष नाही.

'किती वेळा' म्हणजे 'किती' नव्हे

हजारो शाळांत लांबलचक मुलाखती घेणं परवडत नाही. म्हणून मोठ्या पाहण्या एखाद-दुसऱ्या प्रश्नावर भागवतात. युरोपातल्या अनेक देशांत आणि कॅनडात ११, १३ आणि १५ वर्षांच्या मुलांची दर चार वर्षांनी पाहणी होते. तिच्यात साखर असलेली शीतपेयं आठवड्यातून किती वेळा घेतोस, असं विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या शालेय पाहणीत १३ ते १७ वर्षांच्या मुलांना गेल्या ३० दिवसांत दिवसातून साधारण किती वेळा फसफसणारी शीतपेयं प्यायलास, असा प्रश्न असतो. या दोन प्रश्नांची उत्तरं शेजारी ठेवणं धोक्याचं आहे. एकात आठवडा आहे, दुसऱ्यात दिवस. एकात सगळी शीतपेयं येतात, दुसऱ्यात फक्त वायू भरलेली, म्हणजे डब्यातला गोड ज्यूस त्यात मोजलाच जात नाही. 'एक वेळ' म्हणजे कुणासाठी दोन घोट आणि कुणासाठी एक लिटरची बाटली.

तरीही अशा छोट्या प्रश्नांना मी नावं ठेवणार नाही. तोच प्रश्न, त्याच शब्दांत, वर्षानुवर्षं विचारला गेला तर कल कुठे चालला आहे हे तो उत्तम सांगतो. एकूण ग्रॅम त्यातून काढायला जाऊ नये.

मापाची गडबडही किरकोळ नाही. लहान मुलांच्या विचारांचा अभ्यास करणारे स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी दाखवलं होतं, की साधारण सात वर्षांखालच्या मुलासमोर रुंद भांड्यातलं पाणी उंच, निमुळत्या भांड्यात ओतलं तर ते म्हणतं, 'आता पाणी जास्त झालं.' त्याच वयाच्या मुलाला आपण विचारतो की तू किती प्यायलास. त्या वयात 'मोठा ग्लास' आणि 'छोटा ग्लास' या शब्दांवर भिस्त ठेवण्यापेक्षा खरा ग्लास समोर ठेवून त्यात पाणी ओतून घेतलेलं बरं.

एक दिवस आणि नेहमीची सवय

आता गणिताचा भाग. तो थोडा किचकट आहे, पण बातम्यांमधल्या बहुतेक घोळांचं मूळ तिथे आहे.

सात मुलं घ्या. प्रत्येक मूल आठवड्यातून एकदाच एक कॅन पितं, पण प्रत्येकाचा वार वेगळा. एका सोमवारी जाऊन विचारलं, 'काल प्यायलास का?' तर एकच मूल हो म्हणेल, सहा नाही म्हणतील. सरासरी बरोबर निघेल, दिवसाला एक सप्तमांश कॅन. पण कुणी जर निष्कर्ष काढला की 'सातातलं एक मूल रोज कॅन पितं आणि बाकी सहा मुलं पेयाला हात लावत नाहीत', तर तो शंभर टक्के चुकीचा. खरं तर सगळी मुलं सारखीच आहेत.

एका दिवसाची उजळणी मोठ्या गटाची सरासरी नीट सांगते. 'किती मुलं रोज जास्त पितात' हे ती सांगू शकत नाही, कारण एका मुलाच्या दोन दिवसांतला फरक आणि दोन मुलांतला फरक तिला वेगळा करता येत नाही. त्यासाठी निदान काही मुलांचा दुसरा एखादा दिवस लागतो. अमेरिकेच्या पाहणीत अनेक वर्षं पहिली मुलाखत समोरासमोर व्हायची आणि दुसरी तीन ते दहा दिवसांनी फोनवर. एकाच मुलाचे दोन दिवस किती वेगळे पडतात हे कळलं, की नेहमीच्या सवयीचा अंदाज संख्याशास्त्राने काढता येतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने यासाठी बसवलेली रीत आता बरीच वापरली जाते. दिवस निवडतानाही शनिवार-रविवार आणि वेगवेगळे ऋतू त्यात यावे लागतात. फक्त शाळेच्या दिवसांची पाहणी केली तर सुट्टीतलं पिणं हिशोबातून गळतं.

एक खरा आकडा वाचून बघू. २०११ ते २०१४ या काळात अमेरिकेतल्या २ ते १९ वर्षांच्या मुलामुलींपैकी ६२.९ टक्के जणांनी त्या एका दिवशी किमान एक गोड पेय घेतलं होतं. सरासरी ऊर्जा दिवसाला १४३ किलोकॅलरी, मुलग्यांत १६४ आणि मुलींत १२१. उरलेली ३७ टक्के मुलं गोड पेयं पीतच नाहीत, असं इथे कुठेही म्हटलेलं नाही. त्यांनी त्या दिवशी घेतलं नाही, एवढंच. आणि १४३ ही सरासरी न पिणाऱ्यांनाही धरून आहे. फक्त पिणाऱ्यांत वाटली तर ती २२७ च्या आसपास जाते. त्यातही काही मुलं खूप पितात आणि पुष्कळ मुलं थोडं, त्यामुळे सरासरीइतकं पिणारं मूल प्रत्यक्षात फारसं सापडतही नाही. ज्या मुलांची सर्वांत जास्त काळजी करायला हवी, ती या सरासरीत दिसत नाहीत.

शरीर काही सांगतं का?

न विचारता कळलं तर किती बरं, असं वाटणं साहजिक आहे. थोडंफार कळतंही. खाल्लेल्या साखरेचा अगदी नगण्य अंश न पचता लघवीत उतरतो. चोवीस तासांची लघवी गोळा करून त्यातलं सुक्रोज आणि फ्रुक्टोज मोजलं तर एकूण साखरेचा अंदाज येतो. पण ती साखर पेयातून आली की मिठाईतून, हे लघवी सांगत नाही. शिवाय एखाद्या मुलाने दिवसभर प्रत्येक वेळी भांड्यात लघवी करावी, ही अपेक्षा किती पुरी होईल हे कोणीही पालक सांगेल.

दुसरी रीत मला विशेष आवडते. ऊस आणि मका ही पिकं हवेतला कार्बन इतर बहुतेक वनस्पतींपेक्षा वेगळ्या मार्गाने पकडतात, त्यामुळे त्यांच्या साखरेत जड कार्बनचं प्रमाण किंचित जास्त राहतं. ती साखर खाणाऱ्याच्या रक्तात आणि केसांतही ती खूण उमटते. बोटाला टोचून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर ही तपासणी होऊ शकते. मर्यादा मात्र मोठ्या आहेत. बीटची साखर ही खूण सोडत नाही, म्हणजे बीटची साखर वापरणाऱ्या देशांत ही रीत आंधळी ठरते. आणि जिथे मका थेट खाल्ला जातो किंवा मक्यावर वाढलेल्या जनावरांचं मांस खाल्लं जातं, तिथे ती खूण पेयांशिवायही सापडते.

शरीरातल्या खुणेचा सर्वांत चतुर वापर मी वाचला तो नेदरलँड्समधल्या एका प्रयोगात. २०१२ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ४ ते ११ वर्षांच्या ६४१ मुलांना १८ महिने रोज २५० मिलीचा एक कॅन दिला गेला. अर्ध्यांना २६ ग्रॅम साखरेचा, अर्ध्यांना कृत्रिम गोडव्याचा. कोणाला कोणता, हे मुलांनाही ठाऊक नव्हतं आणि संशोधकांनाही नाही. मुलं कॅन खरंच पितात की टाकून देतात, हे कळायचं कसं? बिनसाखरेच्या कॅनमधलं सुक्रालोज, म्हणजे त्याला गोडवा देणारं कृत्रिम द्रव्य, पचत नाही, त्यातला काही भाग लघवीत उतरतो. म्हणून लघवीत सुक्रालोज तपासलं. इथे कुणाच्या आठवणीवर काही अवलंबून नव्हतं, प्रमाण आधीच ठरलेलं होतं. साखरेच्या गटातल्या मुलांचं वजन सरासरी ७.३७ किलोंनी वाढलं, बिनसाखरेच्या गटात ६.३५ किलोंनी. वाढत्या वयात वजन वाढणारच, पण या एका किलोच्या फरकाबद्दल 'मुलांनी खोटं सांगितलं असेल' असं म्हणायला कुणाला जागा उरली नाही.

विक्रीचे आकडे

सरकारं बहुतेक वेळा मुलांना विचारतच नाहीत, दुकानांचे हिशोब बघतात. मेक्सिकोने जानेवारी २०१४ पासून लिटरमागे एक पेसो कर लावला. शहरी कुटुंबांच्या खरेदीच्या नोंदी तपासल्या तर पहिल्या वर्षी करपात्र पेयांची खरेदी अपेक्षेपेक्षा सरासरी ६ टक्क्यांनी कमी निघाली. या नोंदी भरवशाच्या असतात, त्यात कुणी लाजून आकडा कमी करत नाही. पण घरात आलेली बाटली कुणी प्यायली, बापाने की मुलीने, हे पावतीवर नसतं. मुलाने बाहेर स्वतःच्या पैशाने घेतलेलं पेयही त्यात नसतं.

ब्रिटनमध्ये तर आणखी एक धडा मिळाला. तिथला कर ६ एप्रिल २०१८ पासून लागू झाला आणि तो साखरेच्या प्रमाणावर बेतलेला होता. १०० मिलीमागे ५ ग्रॅमपासून कराची एक पायरी, ८ ग्रॅमपासून पुढे दुसरी, जास्त कराची. कंपन्यांनी कर टाळण्यासाठी आधीच साखर कमी केली. कर आला नसता तर १०० मिलीत ५ ग्रॅमहून जास्त साखर असलेल्या पेयांचं प्रमाण अंदाजे ४९ टक्के राहिलं असतं, ते २०१९ च्या सुरुवातीला १५ टक्क्यांवर आलं होतं. लोकांनी विकत घेतलेलं पेय लिटरमध्ये घटलं नाही, त्यातली साखर घटली. इथे फक्त लिटर मोजणाऱ्याने कर फसला असं म्हटलं असतं. आणि मुलाखत अगदी नीट घेऊनही पेयातल्या साखरेची जुनी तक्ते-पुस्तकं वापरणाऱ्याने मुलांच्या पोटात जाणारी साखर फुगवून सांगितली असती.

शाळेला किंवा पालकांच्या गटाला स्वतः मोजायचं असेल तर

प्रयोगशाळा लागत नाही. काय मोजणार ते आधी लिहून काढा: रस धरायचा का, गोड दूध धरायचं का, चहातली साखर धरायची का. मग प्रत्येक मुलाला दोन वेगवेगळ्या वारी, त्यातला एक सुट्टीनंतरचा, 'काल'बद्दल विचारा. महिन्याबद्दल विचारू नका. दिवसाचा क्रम धरून विचारा, शाळेत जाताना, मधल्या सुट्टीत, खेळताना, कुणाच्या घरी. ग्लास समोर ठेवा. लहान मुलांच्या बाबतीत घरच्यांनाही विचारा, पण मुलासमोर नाही. बाटलीवरचं १०० मिलीमागचं साखरेचं प्रमाण त्याच आठवड्यात बघून लिहा. मुलांची नावं कागदावर नकोत, त्याऐवजी प्रत्येकाला दोन्ही दिवशी तोच क्रमांक द्या, आणि कोल्ड्रिंकवरचं व्याख्यान मोजणी संपल्यावर ठेवा, आधी नको.

सरासरी काढलीत तरी तेवढ्यावर थांबू नका. दोन्ही दिवशी एका कॅनहून जास्त प्यायलेली मुलं किती, हे वेगळं मोजा. पुढच्या वर्षी बदल बघायचा असेल तर त्याच महिन्यात, त्याच वारी, तेच प्रश्न शब्दही न बदलता विचारा.